मादामनं लावलेलं दार

१२ ऑक्टोबर, दसरा
आले बाई एकदाची श्रूजबरीत! माझी शाळेतली मैत्रीण शुभा इथेच असते, तिनंच ही नोकरी मिळवून दिली. गावाबाहेरच्या एका जुन्या घराची राखण. घर दोनशे वर्षांपूर्वीचं, फ्रेंच, आता म्युझियम. वरच्या मजल्यावर मी, खाली इतिहास. पुण्यात जन्मभर शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, पण गिलोटिनपलीकडे पोरांच्या डोक्यात काही शिरलं नाही. आता त्याच क्रांतीतून पळून आलेल्या बाईच्या घरात माझा मुक्काम! माझी लेक सावनी असती तर पोट धरून हसली असती. ती गेल्यापासून मुलाचं, परीक्षितचं प्लेनोचं घर मला खायला उठायचं. त्याला म्हटलं, मला जाऊ दे रे.

१४ ऑक्टोबर
म्युझियमच्या बाईंनी सगळं घर हिंडून दाखवलं. घराची मूळ मालकीण, मादाम, एकटीच अमेरिकेच्या जहाजात चढली. लेक मागून येणार होती, ती पॅरिसमध्येच पकडली गेली. मादामनं तिची खोली मांडून ठेवली: पलंग, आरसा, हस्तिदंती फणी. रोज संध्याकाळी पुढचं दार उघडून बसायची. लेकीला मारल्याची बातमी आली, तरी बसायची. मग एका संध्याकाळी तिनं आतून अडसर घातला, तो मरेपर्यंत काढला नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून दिवस मावळायच्या आत हे दार बंद करतात.
मला गंमत वाटली. आमच्याकडे नेमकं उलटं. दिवेलागणीला दार लावलं तर लक्ष्मी माघारी जाते!

१७ ऑक्टोबर
राहवलं नाही. तिन्हीसांजेला अडसर काढला, दार उघडलं, उंबरठ्याशी पणती ठेवून हात जोडले. लक्ष्मीचं नाव घ्यायचं, तर तोंडातून निघालं, सावनी, ये गं. खूप रडले. मग बरं वाटलं, पिठलं-भात केला.

२१ ऑक्टोबर
पणती लावली आणि पायरीशी एक मुलगी उभी दिसली. चेहरा अंधारात. केस मानेपाशी वेडेवाकडे कापलेले, एक हात मानेवर दाबलेला. केमोनंतर सावनीचे केस असेच खुरटे उगवले होते. मी पुढे झाले तर कुणी नाही.

२४ ऑक्टोबर
आज उंबरठ्यापर्यंत आली. वारा नव्हता, तरी ज्योत आत वाकली. परीक्षितला फोनवर सांगितलं, सावनी येते. तो मग म्हणाला, आई, प्लीज दार लॉक कर, मी फ्लाइट बुक करतो. शुभा म्हणाली, हॅलोविनची पोरं असतील यार, कँडी दे आणि झोप.

२७ ऑक्टोबर
सावनी नाही ती.
आज चेहरा दिसला. विशीची, घाऱ्या डोळ्यांची. गिलोटिनकडे नेण्याआधी मानेवरचे केस कापत, पातं अडू नये म्हणून. हे मीच वर्गात सांगायचे.
आता कळलं मादामनं अडसर का घातला. लेक आली होती. आईनं पाहिलं आणि —
अडसर हातात घेऊन उभी राहिले. नाही घातला. सख्ख्या आईनं लावलेलं दार मी पुन्हा कशी लावू?

२९ ऑक्टोबर
आत आली. आरशापुढे बसते. फणी हातात धरते, पण विंचरायला मान सोडावी लागेल — सोडत नाही.
ओठ हलतात. एकच शब्द. ‘आई’ कळायला फ्रेंच कशाला यायला हवं —
हिची आई नाही. माझी लेक नाही. सावनी, तू का नाही आलीस गं?

३१ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, पहाट
परीक्षित दुपारी पोचेल. आज अभ्यंगस्नान. तेल कोमट केलं, उघड्या दाराशी पाटावर बसले. सावनीचं डोकं दरवर्षी असंच मांडीवर घ्यायचे. हिला खूण केली. ये गं. ठेव डोकं मांडीवर. आता काढ तो हात.
काढला.
किती गार कपाळ — डाव्या हातानं तेल चोळतेय, उजव्यानं लिहितेय. डोळे मिटले तिनं. हुंदका दिला. ‘आई’च म्हणाली, स्वच्छ ऐकलं —
मांडीवर नुसतं डोकंच आहे.
ती अजून समोर उभी. दोन्ही हात पुढे केलेले — भीती वाटतेय, देवा — पण चोळायचं थांबवलं नाही —
तिच्या मागे. पायरीवर आणखी कुणी आहे. खुरटे केस. तो हॉस्पिटलचा निळा —
सावनी?
दार उघडंच आहे गं, तू आत —