टोकाला काही नसताना

१४ मार्च, शुक्रवार

दादा,

नमस्कार. वहिनींची पाठदुखी आता कशी आहे? आम्ही ठीक आहोत असं लिहायची सवय हाताला लागली आहे. आता एकटीच आहे. मी ठीक आहे.

आज शाळेत नववीची तोंडी परीक्षा होती. प्रयोगशाळा दुपारीच रिकामी झाली. मी टेबलं पुसली, बाटल्या जागेवर लावल्या. मग विज्ञानाच्या सरांना थांबायला सांगितलं. ते हौशी रेडिओवाले आहेत, त्यांचं स्वतःचं मीटर आहे.

टेकडीवरच्या टेहळणी चौकीची जुनी केबल मी मागच्या आठवड्यात मागून आणली होती. नवी टाकल्यावर ती वनखात्याच्या गोदामामागे फेकून दिली होती. गोदामवाले म्हणाले, "बाई, भंगारवालाही घेणार नाही ही." मी म्हटलं, मग मला द्या.

सरांनी केबलचं एक टोक मीटरला जोडलं. दुसरं टोक खिडकीखाली फरशीवर पडलेलं. त्याला अँटेना नाही, काहीच नाही. आणि परत किती येतं त्याचा आकडा, तो तुमचा एसडब्ल्यूआर, किती आला सांगू? एक पॉइंट दोन. चौकी तपासून तू दिलेल्या दाखल्यावर आहे तोच आकडा.

सरांनी डोळे चोळले. मग स्वतःची चांगली केबल तशीच मोकळ्या टोकाने जोडली. काटा सरळ शेवटाला जाऊन थडकला. म्हणाले, "असंच व्हायला पाहिजे. टोकाला घेणारं कुणी नसेल, तर पाठवलेलं सगळं परत येतं." मग आम्ही जुन्या केबलचं साल कापलं. आतली तांब्याची जाळी काळी पडलेली होती. बोटाला ओल लागली.

तुला हे शिकवायची माझी लायकी नाही. मला तूच शिकवलंस, की वर गेलेल्यातलं किती परत येतं ते मीटर सांगतं, आणि आकडा एकाजवळ, काही परत आलं नाही, म्हणजे सगळं पोचलं. पण वाटेतच जिरलं तर, दादा? जाताना जिरलं आणि उरलंसुरलं परत येताना जिरलं, तर मीटरला काय कळणार? सरांच्या हिशोबाने दहातला एक भागसुद्धा धड वर जात नव्हता. वनखात्याच्या केंद्राचा रेडिओ सेट मोठा, म्हणून तिकडचं चौकीत ह्यांना ऐकू यायचं. ह्यांचं तिकडे जायचं नाही.

तू चौकी तपासून आमच्याकडे जेवायला आलास तो दिवस आठव. हे म्हणाले, "दादा, गेल्या वर्षी तुमच्याच मीटरवर एक पॉइंट आठ होता. कुणी हात लावला नाही, मग सुधारला कसा? आणि केंद्राला माझं ऐकू का जात नाही?" तू भाजी वाढून घेत हसलास. "भावजी, यंत्रं माणसांपेक्षा बरी. आपली आपण बरी होतात." आपण सगळे हसलो. खांबावर चढून वरचा सांधा बघितलात का, असं त्यांनी विचारलं. तू गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "आकडा एवढा देखणा असताना वर कशाला जायचं?"

गुडघा दुखत होता हे मी समजू शकते. मग तसं लिहायचं होतंस. तू लिहिलंस, यंत्रणा पूर्ण निर्दोष.

त्या तीन शब्दांवर वणव्याच्या चौकशीवाल्यांनी काय उभं केलं ते तू वाचलं आहेस. "सेट चालू असूनही कर्मचारी न कळवता चौकी सोडून गेला. नोंदवहीतील नोंदी विश्वासार्ह नाहीत." म्हणजे हे पळपुटे, आणि वर खोटारडे. अठरा वर्षं ज्या माणसाने एक दिवस नोंद चुकवली नाही तो.

त्या नोंदी मी तुला परत वाचून दाखवते. सकाळी दहा वाजून दहा. पूर्व उतारावर धूर, कळवले, उत्तर नाही. दहा पंधरा, पुन्हा कळवले. दहा वीस, केंद्र विचारते, जागे आहात का. तीनदा सांगितले, जागा आहे. दहा पस्तीस, खाली लाकूडतोड्यांचे तंबू आहेत, कुणी ऐकत नाही, स्वतः सांगायला जातो.

तंबूतली माणसं वाचली. हे वर परत यायला निघाले आणि धुरात सापडून गेले. जागे आहात का असं विचारल्याचं केंद्रातली बाई कबूल करते. चौकीत बसून ऐकलं नसतं तर ह्यांनी ते लिहिलं कुठून?

परवा तू फोनवर म्हणालास, "आता उकरून काय मिळणार आहे? माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत गं." तुझी दोन वर्षं राहिलीत. बरं आहे.

मी फोन ठेवला, कारण पुढचं मला बोलता आलं नसतं. लिहूनही तीन कागद फाडले.

ते शेवटचे दोन महिने रोज संध्याकाळी सांगायचे, माझं कुणाला ऐकू जात नाही. एकदा चिडून ताटावरून उठले. मी म्हटलं, "दादाने तपासलंय ना? तुम्हीच बटण दाबायच्या आधी बोलायला लागता." दुसऱ्या दिवशी डबा भरताना बघितलं, तर सेट नसताना नुसता अंगठा दाबून, थांबून, मग बोलायचा सराव करत होते. माझा नवरा, दादा. स्वतःच्या घरात, ओट्याकडे पाठ करून. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. वरिष्ठांना लिहिलेला अर्जही पाठवला नाही. तो त्यांच्या कपाटात सापडला.

सोमवारी अहवाल कायम होणार आहे. मी आज माझं निवेदन दिलं. सरांनी मोजलेले आकडे जोडले. तू वर चढला नाहीस हे लिहिलं. मी ह्यांना काय म्हणाले होते तेही लिहिलं, जसंच्या तसं. लेखनिक म्हणाला, "बाई, हे कशाला? ह्याने तुमचीच बाजू लंगडी पडते." मी ते खोडलं नाही.

सोमवारी सकाळी अकराला चौकशीच्या कचेरीत ये आणि तुझ्या तोंडाने सांग, की तो आकडा चांगला नव्हता. आला नाहीस तरी निवेदन तसंच राहील. मात्र मग माझ्याकडे जेवायला येऊ नकोस.

वहिनींना नमस्कार. त्यांना हे पत्र दाखव.

तुझीच बहीण,
धाकटी

ता. क. पाकिटावर पत्ता लिहून झाला, उद्या पहिल्या एसटीने पाठवते. आता पोटासाठी काहीतरी करते. तांदूळ अजून दोघांचेच मोजले जातात, अर्धे परत डब्यात टाकते आहे.