दाढेच्या गोळ्या

दादा,

आईचे लुगडे न्यायला घरी आले होते; तू अजून परगावाहून परतला नव्हतास. ती कालपासून नंदुरबारच्या दवाखान्यात आहे.

लघवीला आग होते, तापही आहे म्हणाली, तेव्हा तू तिला स्वतःच्या दाढेसाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या दिल्यास. ताप उतरताच "वाया कशाला घालवायच्या?" म्हणून निम्म्या पुढच्या आजारासाठी राखूनही ठेवल्यास. त्या गोळ्या जंतूंच्या पेशीची भिंत खचवून त्यांना मारतात, हे खरे. पण आईचे जंतू ती गोळीच मोडून टाकतात, असे रिपोर्ट सांगतो. दुबळे तेवढे मेले. उरलेल्यांना तुझ्या काटकसरीने तालीम दिली, आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढले. आता शिरेतून द्यायचे एकच औषध हाताशी आहे. ते लागू पडेलच, असे डॉक्टर म्हणत नाहीत.

सकाळपर्यंत ती तू आलास का, असे सारखी विचारत होती, "मन्हा योगेंद्र उना का?"

मी तुला फोन केलाच नव्हता. तिला मात्र तुला कळवल्याचे आणि तू येणार नसल्याचे सांगितले, "दादाले कळाडं, तो नही येवाव."

तिने मान डोलावली. तेव्हापासून तिने तुझे नाव घेतलेले नाही.

कामिनी