सत्तावीस चकत्या कडू चहा

मी, सरोजिनी माधवराव टाकळकर, वय वर्षे सत्त्याहत्तर, सेवानिवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार तुंगार्ली, लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा दाखला डॉ. ओंकार यांनी दिला असून तो देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत न अडखळता आले आणि मग त्यांनाही तेच करायला सांगितले. ते एकावन्नाला अडकले. माझ्यावर कोणाचा दाब नाही, धाक नाही. याआधी लिहिलेला असा कोणताही कागद सापडल्यास तो रद्द समजावा.

कलम १. लोणावळ्याचे घर मी आणि माझे यजमान कै. माधवराव यांनी दोघांच्या पगारातून बांधले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, मी तळेगावच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत. हे घर आणि तळेगावची सदनिका मी माझा एकुलता एक मुलगा रुचिर यास देते. घर पर्यटकांना भाड्याने देऊ नये, असे लिहिण्याचा मोह होतो आहे. पण मी पाहायला नसताना हुकूम सोडण्यात अर्थ नाही. बँकेतील ठेवी माझी नात अश्लेषा हिच्या शिक्षणासाठी आहेत. ती काय शिकेल यात कोणी तोंड घालू नये.

कलम २. आता मुख्य जंगम मालमत्तेविषयी.

सन २००४ मध्ये कारखान्याने मला दहा दिवस चीनमधील कुनमिंग शहरात पाठवले. तोवर प्रयोगशाळेतून परदेशी गेलेली बाई म्हणजे मीच पहिली, हे येथे नोंदवते, कारण निरोप समारंभाच्या भाषणात साहेब ते विसरले. तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदारीणबाईने मला चहा पाजला. पिवळट-हिरवा. पहिल्या घोटाला कारल्याचा रस प्यायल्यासारखे झाले. मी पेला खाली ठेवला, तशी तिने बोटाने खूण केली, थांब. मिनिटभराने घशात गोडी उतरली, आणि ती मी मुक्कामाला पोचेपर्यंत टिकली.

दुभाष्यामार्फत मी विचारले, "इतका कडू चहा लोक पितात?"

ती म्हणाली, "आता पिण्यासाठी नाही. ठेवण्यासाठी."

हा पु-एर जातीचा कच्चा चहा. पाने कढईत भाजून, उन्हात वाळवून, वाफ देऊन ताटलीएवढ्या चकत्यांत दाबतात. मग त्या वर्षानुवर्षे ठेवतात आणि पानांत आपोआप बदल होत जातो. कडवटपणा आणि तुरटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडू जिभेला लागते. तुरट सगळे तोंड आवळून धरते. जो कडूपणा येतो आणि निघून जातो, तो चहा ठेवण्याजोगा. जो जिभेवर ठाण मांडून बसतो, तो कितीही वर्षे ठेवला तरी उपयोगाचा नाही. मी त्या दुकानात दोन दिवस बसून सहा प्रकार चाखले आणि एक निवडला. बेचाळीस चकत्या आणल्या. साडी एकही आणली नाही, म्हणून सासरचे सहा महिने बोलत होते.

कलम ३. लोणावळ्याचा पावसाळा मी हिशेबात धरला नव्हता. रसायनतज्ज्ञ असून धरला नव्हता, हे कबूल करते.

कुरवंड्याच्या बायडाबाई नवशा हिलम यांना तेव्हा आमच्याकडे घरकामाला येऊन चार वर्षे झाली होती. २००५ च्या जुलैत त्या माळ्यावरची कपाटे पुसत होत्या. तिथून खाली ओरडल्या, "बाई, तुमचा चाय वास मारतोय."

"तो तसाच असतो," मी म्हणाले.

"न्हाई. काल न्हवता. भित्ताडाच्या वलीवानी येतोय. वर या."

मला काहीच वास आला नाही. तरी खोकी उघडली. पाच चकत्यांवर पांढरा कापूस आला होता. उरलेल्या सदतीस कोरड्या होत्या. आणखी आठवडा गेला असता तर सगळ्या गेल्या असत्या. माझ्या सगळ्या शिक्षणाला जे कळले नाही, ते त्यांच्या नाकाला कळले होते.

बायडाबाई म्हणाल्या, "आमी वालाचं, पावट्याचं बी ह्या दिसांत हितं ठेवीतच न्हाई. वडगावला भनीकडं नेऊन टाकतो. तितं हवा कोरडी. तुमचं तळेगावचं घर रिकामंच हाय की."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी सदतीस चकत्या घेऊन पुण्याच्या लोकलने तळेगावला गेलो. वाटेत एका बाईने सुकटीची पाटी आमच्या शेजारी टेकवली. चहा कोणताही वास ओढून घेतो, एवढे मी बायडाबाईंना सांगितले होते. त्या उठल्या, दोन्ही खोकी डोक्यावर घेतली आणि तळेगाव येईपर्यंत उभ्या राहिल्या.

तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात चहा तळेगावला, आणि दसऱ्यानंतर परत लोणावळ्याला. उन्हाळ्यात तळेगाव फार कोरडे पडते आणि चहा झोपून जातो, मुरायचा थांबतो; लोणावळ्याचा पाऊस त्याला कुजवतो. दोन गावांमध्ये गाडीने तासाभराचेही अंतर नाही, पण हवा निराळी. पुस्तकात असे कुठे लिहिलेले मला आढळलेले नाही. आम्ही शोधून काढले.

कलम ४. माझे धाकटे दीर हनुमंतराव यांनी २००६ च्या दिवाळीत एक चकती गरम पातेल्याखाली ठेवली. विचारल्यावर म्हणाले, "वहिनी, मला वाटलं शेणी आहे." त्या चकतीवर अजून काळे वर्तुळ आहे. ती चकती मी हनुमंतरावांना देते. ती त्यांनी पातेल्याखाली ठेवू नये, प्यावी, आणि पिताना माझी आठवण काढावी.

कलम ५. दरवर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी एक कप करून वहीत नोंद करत आले. पाच ग्रॅम पान, शंभर मिलिलिटर उकळते पाणी, घड्याळ लावून. पहिली सहा वर्षे वहीत बहुतेक एकच शब्द आहे : कडू. त्यानंतरची चार वर्षे त्याहून वाईट होती. कोवळा जोर गेला आणि पक्वपणा आला नाही. ओला पुठ्ठा चघळल्यासारखी चव. २०१३ साली मी खोकी कचऱ्यात टाकायला काढली होती. माधवराव दारात आडवे आले. म्हणाले, "सरोज, नऊ वर्षं थांबलीस. दहावं वर्षही बघू."

ते दरवर्षी त्या रविवारी माझ्याबरोबर एक कप पीत आणि चांगला आहे म्हणत. मी पाठ फिरवली की त्यात साखर घालत. मला ते माहीत होते. हे त्यांना सांगायचे राहून गेले.

२०१५ च्या दसऱ्याला पेल्यात रंग नारिंगी उतरला. कडू लागले ते फक्त पहिल्या घोटाला, आणि मागून जुन्या सागवानी पेटीसारखा वास आला. माधवरावांनी त्या दिवशी साखर घातली नाही. पुढच्या दसऱ्याला ते नव्हते.

कलम ६. हे कलम मला सर्वांत जड गेले, तरी लिहिते.

चहाचे जाणकार म्हणून नाव असलेले अमृत नावाचे एक गृहस्थ २००९ मध्ये रुचिरच्या ओळखीने घरी आले होते. त्यांनी घोट घेतला, बेसिनमध्ये थुंकला आणि चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "काकू, हे औषध आहे. फेकून द्या." हेच अमृत २०२२ च्या नोव्हेंबरात लोणावळ्यात चहाच्या कार्यक्रमाला आले. मी आमचा चहा नाव न सांगता ठेवला होता. रंग आता तांब्याचा झालेला. त्यांनी एक पेला घेतला. दुसरा मागितला. तिसऱ्याला डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "हा कुठला? हाँगकाँगला जुना चहा मुरवतात, तिथल्या कोठारातला का?"

मी म्हणाले, "तुंगार्लीचा. तुम्ही थुंकलात तोच."

हा माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम क्षणांपैकी एक आहे आणि तो मी कोणाशीही वाटून घेणार नव्हते. तिथेच चुकले. अमृत यांनी उभे राहून विचारले, "काकू, अठरा वर्षं एवढ्या पावसात हा सांभाळला कोणी?"

मी म्हणाले, "मी. एकटीने."

बायडाबाई माझ्या मागे किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किटली टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे मला कळलेही नाही.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. मी दुसरी बाई लावली. मीही मानी. जून उजाडला, तळेगावला जायचा आठवडा आला आणि गेला. ढग उतरले. रुचिर म्हणाला, "आई, गाडी करून देतो ना, मी नेतो खोकी." मी नको म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी काठी घेऊन रिक्षाने कुरवंड्याला गेले. शेवटचा चढ रिक्षा चढेना, तो चालत गेले.

बायडाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले.

"बायडाबाई, माझं चुकलं."

"काय चुकलं?" त्यांनी मान वर केली नाही.

"चहा मी सांभाळला म्हणाले."

"तुमी सांबाळला न्हाई, असं कुटं म्हनते मी? पैलं तुमीच आनला. वही तुमीच लिवली. पर एकटीनं?" त्यांनी सूप खाली ठेवले. "सतरा वर्सं चाय हितं असला की मी रोज नाक लावून बघितलं. माझ्या पोरीचं नाक सर्दीनं भरलंय का न्हाई, ते बघितलं न्हाई येवडं. एकटीनं म्हनलात तवा मला वाटलं, मी हितं व्हते का न्हवते?"

"होतात," मी म्हणाले. त्यांनी सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग आतून पाट आणला आणि माझ्यासमोर टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तळेगावला गेलो. एकही चकती बिघडली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात मी अमृत यांना पुन्हा घरी बोलावले. बायडाबाईंना खुर्चीवर बसवले, मी पाणी ओतले, आणि अमृत यांना सांगितले की मागच्या खेपेला मी खोटे बोलले. अमृत उठून बायडाबाईंच्या पाया पडले. त्या गृहस्थाविषयी माझी तक्रार त्या दिवशी मिटली.

कलम ७. प्यायल्यानंतर आज शिल्लक चकत्या सत्तावीस. एक हनुमंतरावांची, वर सांगितल्याप्रमाणे. एक रुचिरची, वीस वर्षे नाक मुरडल्यावर गेल्या दसऱ्याला त्याने स्वतःहून दुसरा कप मागितला. राहिलेल्या पंचवीस, त्यांची खोकी, हवेतील ओल मोजण्याचे यंत्र, चकती फोडायची टोचणी आणि बावीस वर्षांची वही मी मंगल नवशा हिलम हिला देते. मंगल ही बायडाबाईंची मुलगी. तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली असून ती तळेगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, मी बसायचे तशाच टेबलाशी. तिचे तळेगावला स्वतःचे घर आहे, आईचे कुरवंड्याला. चहाला दोन्ही गावांची हवा मिळेल. तो विकावा, प्यावा की आणखी वीस वर्षे ठेवावा, हे मंगलने ठरवावे. रुचिर व इतर वारसांनी यास हरकत घेऊ नये. घेतल्यास ती या कलमाने नामंजूर समजावी.

कलम ८. या पत्राच्या अंमलबजावणीसाठी मी माझ्या वकील अपेक्षा यांना नेमते. पहिल्या मसुद्यात पंचवीस चकत्या मंगलच्या नव्हे, बायडाबाईंच्याच नावे होत्या. तो मी गेल्या मंगळवारी व्हरांड्यात, अपेक्षांसमोर, बायडाबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. सहावे कलम ऐकताना त्यांनी मला मध्येच थांबवून ते पुन्हा वाचायला लावले. सगळे झाल्यावर म्हणाल्या, "आन ह्याच्या खाली सह्या कुनाच्या?"

अपेक्षा म्हणाल्या, "आजींची, आणि दोन साक्षीदारांच्या. पण मावशी, तुम्ही साक्षीदार होऊ नये. ज्याला काही मिळतं त्यानेच साक्ष केली, तर उद्या कोणीही त्यावरून वाद काढील."

बायडाबाई म्हणाल्या, "तर मंग चाय मंगलला लिवा. सही मी करते."

मी म्हणाले, "बायडाबाई, वीस वर्षं सांभाळलंत. आणि एका सहीपायी सोडताय?"

"चाय कुटं जातोय? घरातच ऱ्हाईल. पर बाई, तुमी लिवलंय ते खरं हाय, ह्ये ठाव असनारं मानूस मी एकलीच हाय. दुसरं कोन काय म्हनून सही करंल?"

अपेक्षांनी मसुदा तिथल्या तिथे बदलला. मी बावीस वर्षांत अनेकदा अभिमानाने मान ताठ केली. त्या दिवशी ती बायडाबाईंसाठी ताठ झाली.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

ठिकाण : लोणावळा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

(सही) सरोजिनी माधवराव टाकळकर

साक्षीदार
१. (सही) डॉ. ओंकार, लोणावळा
२. (सही) बायडाबाई नवशा हिलम, कुरवंडे. अंगठ्याची शाई पुढे केली असता नाकारली. पूर्ण नाव स्वहस्ते लिहिले.