तिसऱ्या वादळातला कुत्रा

तीर्थस्वरूप भावोजींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचा दमा कसा आहे? (तिला विचारलं की ती ‘बरा आहे’ म्हणते, जसा काही दमा म्हणजे घरी राहायला आलेला पाहुणा.) इकडे आम्ही सगळे ठीक. ह्यांचा रक्तदाब ताब्यात आहे, सूनबाईची पाठ सुधारली आहे आणि कुत्रा जिवंत आहे. आमच्याकडे कुत्रा नाही हे तुम्हांला ठाऊकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं असं, की मागच्या महिन्यात सूनबाईच्या पाठीत उसण भरली. दातांची डॉक्टर ती. दिवसभर लोकांच्या जबड्यांत वाकून बघायचं म्हटल्यावर पाठ कधीतरी बोलणारच. तीन आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली. चिरंजीव सकाळी कामावर गेले की घरात आम्ही दोघी (हे धरले तर तिघं, पण हे वर्तमानपत्राच्या पलीकडे असतात). आता तुमच्यापासून काय लपवायचं? दोन वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. दिवसभर परक्यांना ‘आ करा’ म्हणणारी ही मुलगी घरात स्वतः तोंड उघडत नसे, आणि मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेली बाई, मला माणसांपेक्षा मजकुराशी बोलायची सवय. मला हाक काय मारायची हेही तिचं ठरलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरायची, मग मी वळून बघायचं.

चौथ्या दिवशी मी दूध घेऊन गेले, तर ही उशांना टेकून टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळत होती. दीपगृहाचा राखणदार, त्याच्या पायाशी एक ठिपक्यांचा कुत्रा, समोर खवळलेला समुद्र. मी पेला ठेवायचं विसरून तशीच उभी. दुसरं वादळ संपलं आणि तिने खेळ बंद केला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी न राहवून मी विचारलं, की पुढे काय होतं? तर म्हणाली, “तिसऱ्या वादळात कुत्रा मरतो. मी तिसरं वादळ कधी लावतच नाही.” मी विचारलं, “तू पाहिलंयस मरताना?” तर नाही. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात तसं लिहिलंय म्हणे. चार वर्षं ही मुलगी त्या वाक्यावर विसंबून दोनच वादळं खेळते आहे!

भावोजी, तो लेख मी वाचला. वाचला म्हणजे काय, नखशिखान्त तपासला. पहिल्याच परिच्छेदात अकरा चुका. ‘समुद्रकिनारा’ दोन ठिकाणी तुटलेला, राखणदाराचं वय वर एकसष्ट आणि खाली सोळा (आकडे उलटे पडले की माणसाची पेन्शनच जाते), आणि दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बत्तीस. सूनबाई राखणदाराला चढवत गेली, मी बोटांवर मोजत गेले. एकशे एकतीस निघाल्या. हे सगळं मी सूनबाईच्या मदतीने दुरुस्त केलं आणि ते कुणी हूं की चूं न करता स्वीकारलंही. मग उरलं ते वाक्य: ‘तिसऱ्या वादळात कुत्रा अटळपणे मरण पावतो.’ माझं बोट त्या ‘अटळपणे’वर अडलं. इतका ठाम शब्द माणूस कधी वापरतो? खात्री नसते तेव्हा. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

मी म्हटलं, दे इकडे ते यंत्र. त्याला पंधरा बटणं आणि दोन दांड्या. पहिल्या दिवशी माझा राखणदार धक्क्यावरून सरळ समुद्रात चालत गेला, तोही वादळ नसताना. असा सहा वेळा बुडाला. दर वेळी कुत्रा मात्र धक्क्यावर उभा राहून शेपूट हलवत होता, म्हणजे अटळपणे कोण मरतं ते लेखकाने नीट पाहिलेलंच नव्हतं. सूनबाई इतकी हसली की पाठीत कळ आली, आणि हे वर्तमानपत्र खाली करून “कोण बुडालं?” म्हणाले.

आठवड्याभराने मी तिसऱ्या वादळापर्यंत पोचले. सूनबाई उशीआड. राखणदाराने कोठीतून रॉकेलचा डबा घेतला, जिना चढला, दिवा लावला. वरून पाहतो तो लाट आली आणि धक्का रिकामा. मग ती उशीमागूनच म्हणाली, “लिहिलं होतंच ना.” मला इतकं वाईट वाटलं, की काय सांगू. चार वर्षं तिने जपलेलं जनावर मी एका दुपारी घालवलं.

पण त्या खेळात मागच्या पहाटेपासून पुन्हा सुरू करता येतं, आणि पहिल्या वाचनात चूक सापडत नाही हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. दुसऱ्यांदा खेळले, तेव्हाही गेला. तिसऱ्यांदा मी राखणदाराकडे बघायचंच सोडलं, नुसतं कुत्र्याकडे पाहत राहिले. लाटेच्या आधी तो तीनदा भुंकतो, आणि समुद्राकडे नाही, कोठीच्या दाराकडे तोंड करून. आणि दार बंद! कुणी केलं बंद? मी! कोठीतून बाहेर पडलं की दार लावायचं, ही माझ्या हाताची सवय. सूनबाईलाही ते दार उघडं टाकायचं सुचलं नसतं, ती माझ्याहून टापटिपीची.

चौथ्या खेपेला मी दार उघडं ठेवून जिना चढायला लागले. पण बोटाने दगा दिला, राखणदार मागे वळला आणि पुन्हा दाराशी गेला. तो दार ओढणार इतक्यात सूनबाई ओरडली, “आई, दार! दार!” मी यंत्र गादीवर टाकून दिलं. कुत्रा आत गेला, गोणपाटावर तीन गिरक्या घेऊन बसला. लाट आली, गेली. दिवा लावायला उशीर झाल्यामुळे एक मालवाहू जहाज खडकावर बसलं, पण माणसं वाचली, आणि जहाजाकडे बघायला वेळ कुणाला होता? सकाळ झाली, कुत्रा बाहेर आला आणि त्याने अंग झाडलं. सूनबाई पाठबीठ विसरून उठली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. (‘आई’ म्हणाली हे तिच्या लक्षात आलं की नाही देव जाणे. नंतर मात्र दिवसभर म्हणत होती.)

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून वाक्य बदललं: ‘कोठीचे दार उघडे ठेवल्यास कुत्रा वाचतो.’ दहा मिनिटांत पुसलं गेलं. तिथे ‘घुबड’ असं टोपणनाव घेतलेला कुणी संपादक आहे. म्हणे, स्वतः पाहिले हा पुरावा होत नाही, छापील आधार द्यावा. आम्ही पुन्हा लिहिलं, त्याने पुन्हा पुसलं. असं चार वेळा. मेलेल्या कुत्र्याला आधार लागत नाही आणि जिवंताला लागतो, हा कुठला न्याय? त्या घुबडाला खेळातलं ओ की ठो कळत नसणार.

असो. फार लांबलं. सूनबाई सोमवारपासून दवाखान्यात जाते आहे, आणि संध्याकाळी आल्या आल्या चप्पल काढायच्या आत मला हाक मारते. मोठ्यांना नमस्कार, ताईला वाफ घ्यायला सांगणे.

आपली,
धाकटी मेव्हणी

ता. क. तुम्ही निवृत्त औषधविक्रेत्यांचं त्रैमासिक काढता, त्याच्या येत्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी छापाल का, की दार उघडं ठेवलं तर कुत्रा वाचतो? खोकल्याच्या लेखाखाली चालेल. छापील आधार झाला की घुबडाचं तोंड बंद.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी घुबडाचे चारही निरोप पुन्हा एकदा, या वेळी प्रुफं वाचावीत तसे, वाचले. चारही निरोपांत ‘आणि’ला दुसरी वेलांटी आहे, आणि चारही ‘सबब नामंजूर’ने संपतात. भावोजी, तुमच्या त्रैमासिकाची प्रुफं मी अठरा वर्षं तपासते आहे. दर अंकात तुमच्या लेखातली ती वेलांटी मीच बदलते आणि ‘सबब’ काढून ‘म्हणून’ घालते. तेव्हा अंकात छापायची तसदी घेऊ नये. शनिवारी दोघंही इकडे या, सूनबाई तुम्हांला तिसरं वादळ स्वतः खेळायला देणार आहे. ताईला अजून काही बोलले नाही. दुपारी तुम्ही औषधांच्या किमतींवर लेख लिहीत बसता, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगते.