मैत्रेयीची आत्या

विरार, ९ जुलै २००२

प्रिय विनिता,

तुझी भाची तिसरीत गेली. परवा बाईंनी आपापल्या नावाविषयी लिहून आणायला सांगितलं. वर्गात तीन मैत्रेयी, म्हणून ही आधीच फुरंगटलेली. मी म्हटलं, अगं, नाव उपनिषदातलं आहे, ‘मित्र’वरून आलंय. त्या मैत्रेयीने नवऱ्याची संपत्ती नाकारून ज्ञान मागितलं होतं.

“पण ठेवलं कोणी?”

तू भुईगावच्या स्टॅनीशी लग्न केलंस म्हणून तुझ्या दादाने तुला बारशाला बोलावलं नाही. मीही गप्प बसले. आत्याच्या जागी शेजारच्या काकूंनी तिच्या कानात नाव सांगितलं. पण ते नाव तुझं होतं, तू पाठवलेल्या दुपट्याच्या घडीत चिठ्ठीवर लिहिलेलं. मी सगळ्यांना सांगितलं, पुस्तकात सापडलं.

परवा पहिल्यांदा खरं बोलले. “आत्याने ठेवलं.”

“आत्या कुठे राहते?”

“लांब.”

हे पत्रही बहुतेक त्याच दुपट्याच्या घडीत जाईल.

तिने वहीत लिहिलं, ‘माझी आत्या खूप लांब राहते, म्हणून मला अजून भेटली नाही.’ बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आहे. विनिता, इथून भुईगाव तासाभराचंही नाही गं.

तुझी,
तेव्हा गप्प बसलेली वहिनी