नेजिबा कारिच हिच्या रजईच्या दुकानाची निरवानिरव

मी, नेजिबा कारिच, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रजया शिवणे, जन्म बोस्नियातील त्राव्निक गावचा, हल्ली राहणार फ्लोरो, नॉर्वे, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाई म्हणाल्या. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण सवड झाली नाही.

१. राहते घर माझी मुलगी अम्रा हिला द्यावे. ती ऑस्लोला दातांची डॉक्टर आहे. तिला रजयांत रस नाही, याबद्दल तक्रार नाही. लहानपण नाकातोंडात लोकर जाण्यात गेले की कोणाचेही मन उडेल. घर विकायचे तर खुशाल विकावे, पण स्वयंपाकघरातले लांब टेबल विकू नये. युद्धातून सुटून इथे आल्यावर आम्हा मायलेकींनी पहिली रजई त्याच टेबलावर शिवली.

२. बँकेतील शिल्लक अंत्यविधीचा खर्च जाता अम्राचीच. मागे राहिलेल्यांना आमच्याकडचा मटण भरलेला खुसखुशीत बुरेक पोटभर वाढावा. उकडलेला मासा ठेवू नये. या देशाने मला सगळे दिले, पण चव मी घरूनच आणली होती.

३. लोकर पिंजायची धनुकली माझ्या वडिलांची. ती घेऊन मी देश सोडला तेव्हा सरहद्दीवरच्या शिपायाने विचारले होते, "हे काय, शस्त्र आहे?" मी म्हटले, "हो, थंडीवर चालतं." ही धनुकली मेंढपाळ आयविंद हाउगे यास द्यावी. कोणी विकत घेईना म्हणून तो दर शरदात लोकर जाळून टाकायचा. मी प्रथम पाहिले तेव्हा कोणी भाकऱ्या जाळत असल्यासारखा जीव कळवळला. "न्या की बाई," तो म्हणाला, "वास तरी जाईल!" त्या लोकरीवर माझे दुकान उभे राहिले.

४. समोरची कापडवाली राग्नहिल्ड त्वाइत हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. दुकान उघडले त्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "अगं बाई, इथे सगळे पिसांच्या दुलया घेतात. लोकर आमच्याकडे मेंढीच्या अंगावर असते!" तो अख्खा हिवाळा कुत्रे फिरकले नाही. मी दुकानात बसून माझ्याच रजयांवर रडायचे.

पुढच्या शरदात वादळ झाले. बंद पडलेल्या फेरीबोटीतून भिजलेली माणसे आणून शाळेत ठेवली. मी दुकानातल्या सगळ्या रजया आयविंदच्या ट्रॅक्टरवर घातल्या. अम्रा ओरडली, "आई, नव्या मालाची पोतेरी होतील! मग विकणार काय?" तिचे बरोबर होते. पण निर्वासितांच्या छावणीत आम्ही दोघी एका घोंगडीत कुडकुडलो होतो, ते मला आठवले. शाळेत कोपऱ्यात दात वाजवत बसलेली बाई निघाली राग्नहिल्ड. तिच्यावर मी निळी रजई घातली, सर्वांत चांगली.

सकाळी विचारले, "झोप लागली का?"

"जड आहे," ती म्हणाली, आणि ती रजई अंगावर लपेटून घरी गेली. परत दिली नाही. मात्र त्याच आठवड्यात बेटाबेटांवरून लोक माझे दुकान विचारत येऊ लागले. तेव्हापासून ती आपल्या गिऱ्हाइकांना सांगते, "चादरी माझ्याकडे घ्या, झोप समोर मिळेल." मला मात्र आजही म्हणते, "जड आहे." सदरहू निळी रजई आता कायदेशीरपणे तिची.

५. दुकान, गाळ्यासह, सेलाम तेस्फाय हिला. ती इरिट्रियाहून आली, माशांच्या कारखान्यात राबते, आणि तिला वेण्या घालायचे दुकान काढायचे आहे. गाव हसते आहे. परवा मला म्हणाली, "आजी, चाललंच नाही तर?" मी म्हटले, "तर दुसरं काही काढ. जागा तुझीच आहे." माझी पाटी तिने निःसंकोच उतरवावी. अट एकच: पहिले वर्षभर तिला कोणीही सल्ला देऊ नये. राग्नहिल्ड देईलच, तिला अडवू नये.

साक्षीदार म्हणून राग्नहिल्डला सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याला साक्ष देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. "मग मला काही देऊ नकोस," ती म्हणाली, "मला सहीच करायची आहे." मी ऐकले नाही. आत्ता ती बाहेर बाकावर रुसून बसली आहे. सह्या झाल्या की तिला कॉफीला आत बोलवीन.

सही: नेजिबा कारिच
आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. इंगेबोर्ग लुंद, ग्रंथपाल
२. आर्ने स्त्रोम, निवृत्त फेरीचालक
फ्लोरो, १२ सप्टेंबर २०२४