मीठ-मिरचीची मंत्रबंदी

माय, रविवारी मी जिंकले, आणि जिंकले ती तुझ्या मीठ-मिरचीच्या जोरावर. हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून अकरावीच्या गणिताचे पेपर बाजूला सारून बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्या वयाची झाले, आणि चष्माही तुझ्यासारखाच नाकावर घसरतो. जिंकले ते काय, हे सांगायला मात्र थोडा वेळ लागेल, कारण तुझ्या वेळी असले खेळ नव्हते. असते तरी तू म्हणाली असतीस की एवढी माणसं रिकामी बसली आहेत तर त्यांना शेंगा तरी सोलायला द्या.

खेळ असा की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी जादूगार. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपापल्या पात्राने काय केलं ते बोलायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. शहाद्यात हा खेळ आणला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने. तुला ती आठवेल, शिलाईवाल्यांची, आपल्याकडे आली की कळण्याची भाकर मागून खायची ती. आता दुकान तीच चालवते. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा कापड बेतायच्या टेबलावर आमचा डाव मांडतो. गोष्ट ती सांगते. तलवारबाज म्हणजे एसटीतला एक कंडक्टर, सुट्टीला तळोद्याहून येतो. जादूगार म्हणजे बँकेतला कॅशियर. मी वैद्य. सगळे पन्नाशीला टेकलेले, आणि सगळ्यांच्या घरच्यांनी आमच्यापुढे हात टेकलेले.

गेल्या पावसाळ्यापासून गोष्टीत कॅशियरचा जादूगार फितूर झाला आणि सातपुड्यातला एक किल्ला बळकावून बसला. तेव्हापासून आमची पार दैना. कंडक्टरने तलवार उपसली की जादूगार ती वितळवायचा, शिडी लावली की तिचा साप करायचा. बिचारा दर रविवारी एवढ्या लांबून यायचा आणि फासा हातात घोळवत नुसता बसायचा. एके दिवशी त्याने पिशवी उचलली आणि शांतपणे म्हणाला, “मी आते येवाव नही.” त्याच्याशिवाय डाव मांडताच येत नाही, आणि रविवारची दुपार गेली तर माझ्या आठवड्यात घंटा आणि फळा एवढंच उरतं. मी घाबरले, माय. मी त्याला म्हटलं, मला थोडा वेळ दे, जादू बंद पाडणारा मंत्र मी तयार करते.

पहिला मंत्र मी मोठ्या तोऱ्यात लिहून नेला. मी रिंगण आखलं की त्यातली सगळी जादू मेली, संपला विषय. करून पाहिलं तर कॅशियरला करायला काही उरेचना. तो खुर्चीत मागे रेलून मोबाईल पाहू लागला आणि डाव थंडगार पडला. मैत्रीण म्हणाली की हा मंत्र नाही, हे कुलूप आहे, आधी एक माणूस रिकामा बसत होता, आता दुसरा बसला. दुसऱ्या मंत्रात मी सगळं फाशावर सोपवलं, आकडा अधिक ज्याची त्याची ताकद. जादूगाराची ताकद आमच्याहून इतकी जास्त होती की मंत्र एकदाही लागू पडला नाही. गणिताची बाई असून मला हे आधी दिसू नये, याचा इतका राग आला की त्या दिवशी मी रिक्षावाल्याशीही भांडले.

मग एका सकाळी फोडणीत मिरची टाकली, ठसका लागला, आणि मी थेट पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमधल्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. साखर कारखान्याकडून मळीचा वास येतो आहे. मी शाळेत गणिताचं बक्षीस घेऊन आले आहे, साऱ्या आळीने कौतुक केलं आहे, आणि तू मला पाटावर बसवून मुठीत मीठ-मिरच्या घेऊन ओवाळते आहेस, तोंडातून अवाक्षर न काढता. मी विचारते, दृष्ट लागली हे कळतं कसं? तू थांबतेस, डोळे वटारतेस. मूठ खाली करतेस आणि म्हणतेस, “मझारमा बोलनी ना, आते समदं पहिलेपाईन करनं पडी.” पुन्हा पहिल्यापासून ओवाळून झाल्यावर तू मिरच्या शेगडीत टाकल्यास आणि सांगितलंस की दृष्ट लागलेली असली तर मिरची नुसती जळते, ठसका लागत नाही, लागलेली नसली तर घरभर खोकला. त्या दिवशी कुणीच खोकलं नाही, आणि तुझ्या चेहऱ्यावर काय आनंद होता! पोरीचं चांगलं झालं आणि ते लोकांच्या डोळ्यांत आलं, म्हणून.

आता गॅस बंद करून मी ओट्याशी तशीच उभी राहिले. तू कधी कुणाशी लढली नाहीस. दृष्ट कुणाची, हेही विचारलं नाहीस. तू फक्त गप्प राहायचीस, आणि तुझ्यासारख्या बोलक्या बाईला ते किती जड जात असेल! माझा तिसरा मंत्र तिथेच तयार झाला. वैद्याने मुठीत मीठ-मिरची धरायची. मूठ मिटलेली आणि तोंड बंद आहे तोवर किल्ल्यावर जादू चालणार नाही. एक शब्द निघाला की मंत्र तुटला. म्हणजे जादूगाराला काम उरलंच, त्याने मला बोलतं करायचं. नियम ऐकून कॅशियर पोट धरून हसला. मॅडम आणि गप्प, हे त्याला जादूपेक्षा अवघड वाटलं.

रविवारी मी खरं मीठ आणि खऱ्या मिरच्या मुठीत घेतल्या. कंडक्टर एक शेवटचा डाव म्हणून आला होता. त्याने शिडी लावली, ती शिडीच राहिली. कॅशियरने मला विनोद सांगितले, माझ्या कॉलेजच्या निकालावरून टोमणे मारले. मी गप्प. तलवार पहिल्या दरवाजापाशी पोचली तेव्हा कॅशियर म्हणाला, “मॅडम, मन्हा हिशोबमा शून्य विषम शे.” माय, मी पदर दातांत धरला. दुसरा दरवाजा पडला. मग तो हसायचा थांबला, पुढे वाकला, आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा म्हणाला, “हाई समदं तुमले कोनी शिकाडं?”

तुझं नाव अगदी ओठांवर आलं. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल कुणी मला काही विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, पण मूठ उघडली नाही आणि तोंडही नाही. कंडक्टरने फासा टाकला. वीस! टेबलावरच्या कात्र्या खणखणल्या, इतक्या जोरात त्याने हात आपटला. मग जादूगारापुढे उभं राहून तो ऐटीत म्हणाला, “चला, उतरा. शेवटना स्टॉप ऊना.” आम्ही सगळ्यांनी उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. कॅशियरने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि हा मंत्र आपल्यालाही शिकवा म्हणून मागे लागला. कंडक्टरने कुणी न सांगताच पुढच्या रविवारी येताना भजी आणायचं कबूल केलं.

डाव संपला तरी माझी मूठ मिटलेलीच होती. मैत्रीण उठून जवळ आली, ती सोडवून मीठ-मिरच्या आपल्या हातात घेतल्या आणि म्हणाली, “आते बोलू नको, ऊभी ऱ्हाय.” तिने माझ्यावरून ओवाळलं आणि कोळशाच्या पेटत्या इस्त्रीत सगळं टाकून दिलं.

कॅशियरच्या प्रश्नाचं उत्तर मी आता त्यालाच देईन, तोंडाने, भजी खाता खाता. हा कागद कुठे धाडायचा नाही, तो तुझ्यापुरताच. आणि मला तेव्हा काय वाटलं, हे त्या तिघांना सांगणार नाही. मिरच्या जळल्या तसे आम्ही सगळे खोकून खोकून बेजार झालो, कॅशियर तर सगळ्यांत जास्त. माझ्यावर कुणी जळलं नव्हतं, माय. मला थोडं वाईटच वाटलं.